मार्गासनीची गुराब

वरंध घाटात समोरून गाडी आली की नाना शेंडकर आपली एसटी मागे घ्यायचे. चूक कुणाचीही असो. समोरचा टेम्पोवाला उघड उघड चुकीच्या बाजूने घुसलेला असो, त्याच्या मागे हत्ती वळेल एवढी जागा असो आणि आमच्या मागे दरी असो, नाना गिअर बदलायचे आणि म्हणायचे, "मास्तर, उतरा." मी तिकिटाचं मशीन सावरत खाली उतरायचो, गाडीच्या मागे जाऊन उभा राहायचो आणि पत्र्यावर थापा मारत ओरडायचो, "येऊ द्या, येऊ द्या, येऊ द्या... बास!" गाडीतले लोक चडफडायचे. कुणाची महाडच्या कोर्टात तारीख असायची, कुणी मुलगी बघायला निघालेलं असायचं. सगळ्यांच्या वाटणीचं मी एकटाच जास्त चडफडायचो. परत जागेवर येऊन बसलो की नाना आरशातून माझ्याकडे बघत म्हणायचे, "घाटात रिव्हर्स घ्यायला लाजला, त्यो दरीत गेला."

एसटीत कंडक्टरला मास्तर म्हणतात. नानांनी मला कधी नावाने हाक मारली नाही, आणि माझं नाव त्यांना ठाऊक होतं की नाही याचीही मला खात्री नाही. भोर डेपोतून महाडला जाणाऱ्या गाडीवर आम्ही दोघांनी उमेदीची सगळी वर्षं काढली. मी जातीचा घायकुता. एक घंटी म्हणजे थांबा, दोन घंट्या म्हणजे चला, आणि दोन घंट्या दिल्या की चाक हललंच पाहिजे, एवढंच मला कळतं. नाना मात्र दोन घंट्या ऐकूनही एकदा उजवीकडे, एकदा डावीकडे बघायचे, दारात लटकलेल्या म्हातारीला आत सरकायला लावायचे आणि मगच गाडी सोडायचे. "घंटी तुमची मास्तर, गाडी माजी," असं वर ऐकवायचे. त्यांच्या हातून गाडीला कधी ओरखडा पडला नाही हे मी मान्य करतो. पण त्यांच्याबरोबर काम करून माझे केस लवकर पांढरे झाले, हेही कुणीतरी मान्य करायला हवं.

आम्ही थोड्या अंतराने निवृत्त झालो. मी भोरलाच राहिलो, नाना आपल्या गावी मार्गासनीला गेले. वर्ष उलटतं न उलटतं तोच त्यांचा उजवा हात थरथरायला लागला. आधी चहा बशीत सांडायला लागला, मग शर्टाची बटणं लागेनात. मी त्यांना भोरला डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी समजावून सांगितलं, हे दुखणं हळूहळू वाढत जाणार, गोळ्यांनी फक्त त्याचा वेग कमी होईल.  बाहेर आल्यावर नाना म्हणाले, "म्हंजे उतार लागला मास्तर. आता ब्रेक मारत मारत उतरायचं." आणि समोरच्या गाड्यावर जाऊन त्यांनी भजी मागवली.

एवढं ऐकून कुणीही शहाणा माणूस स्वस्थ घरी बसला असता. नानांनी जहाज बांधायला घेतलं.

त्याचं असं झालं. शिवजयंतीला मार्गासनीत ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर देखावा करून मिरवणूक काढतात. दरवर्षी किल्ला. कधी पोत्यांचा, कधी थर्माकोलचा, पण किल्लाच. मंडळाची बैठक देवळाच्या सभामंडपात चालली होती, मी सहज नानांकडे गेलो होतो म्हणून त्यांच्यासोबत बसलो होतो. मंडळाचा अध्यक्ष गणेश, तरणाबांड, दुधाचा टेम्पो चालवणारा पोरगा, यंदा किल्ल्याला किती बुरूज करायचे ते विचारत होता. तेवढ्यात नाना उठले.

"आरं, किल्ला किल्ला किती करणार? त्यो बगा म्होरं तोरणा. खरा हाय तितं, मंग खोटा कशापायी? आन् मला एक सांगा. ज्या राजानं त्या तोरण्यावर उबं ऱ्हाऊन चारी अंगांनी निस्तं डोंगारच बगितलं, त्याला जहाज बांदायचं सुचलं कसं? हितं कुणाला सुचतंय का?"

कुणालाच सुचत नव्हतं, हे उघड होतं. नाना म्हणाले, "मंग यंदा जहाज. गुराब. म्या बांदतो." गुराब म्हणजे महाराजांच्या आरमारातलं तोफा लावलेलं मोठं लढाऊ जहाज. हे मला नंतर कळलं. त्या वेळी मी फक्त त्यांच्या हाताकडे बघत होतो. बोलताना त्यांनी तो खिशात घातला होता. गणेशने टाळ्या वाजवल्या, मग सगळ्यांनीच वाजवल्या, आणि गुराब नानांच्या गळ्यात पडली.

घरी जाताना मी विचारलं, "नाना, तुम्ही समुद्र तरी बघितलाय का?"

"महाडापातूर गेलोय की."

"महाडला समुद्र नाही."

"सुकटीचा वास तर येतोय," नाना म्हणाले. बाजाराच्या दिवशी महाडहून सुक्या मासळीच्या पाट्या घेऊन बायका आमच्या गाडीने भोरला यायच्या. समुद्राशी नानांची ओळख तेवढीच. मग जरा थांबून ते म्हणाले, "मास्तर, हात हाय तंवर एक काम असं करायचंय की ज्येला स्टेरिंग न्हाई. तुमी कंडक्टर म्हणून येताय का?" मी हो म्हटलं. कुठल्या गाडीवर चढतोय ते न बघता चढायची सवय मला नव्हती, पण त्या दिवशी चढलो.

मोबाईलवर शोधून शोधून मी कवेत मावेल एवढ्या एका गुराबीचा नकाशा मिळवला. तळाचा लांब कणा, त्याच्यावर आडव्या उभ्या केलेल्या फासळ्या, आणि फासळ्यांवर लाकडाच्या बारीक पट्ट्या ठोकत, चिकटवत न्यायच्या, म्हणजे जहाजाचं अंग तयार होतं. भोरला झेरॉक्सच्या दुकानात मी सगळे कागद मोठे करून घेतले. नानांनी ते प्लायवुडवर चिकटवून एकेक फासळी कापली. हात थरथरायचा म्हणून करवत डाव्या हाताने धरायचे आणि उजव्या हाताने नुसतं लाकूड दाबून ठेवायचे. एका फासळीला दोन-दोन दिवस जायचे. मी शेजारी बसून घड्याळ बघायचो.

सगळ्या फासळ्या कण्यावर बसल्या आणि आम्ही लांब जाऊन पाहिलं. पुढचा भाग रुंद, मागचा रुंद, आणि मधे कंबर आवळलेली. नानांच्या पत्नी, म्हणजे नाना ज्यांना "आवं" म्हणून हाक मारतात त्या शांतावहिनी, मागून म्हणाल्या, "ह्यो मुंगळा कुणाचा?" मी कागद ताडून पाहिले. मधल्या दोन कागदांना झेरॉक्सच्या मशीनने आपल्या मर्जीने लहान करून टाकलं होतं.  शिवजयंती तोंडावर आली होती. मी म्हणालो, "नाना, मधल्या फासळ्यांना बाजूने चिपा चिकटवू. वरून पट्ट्या लागल्या की आत कोण बघतंय?"

"प्याशिंजर बगत न्हाई म्हणून टायरात हवा कमी ठिवायची का?" नाना म्हणाले. आणि त्यांनी सगळ्याच फासळ्या कण्यापासून सोडवायला घेतल्या.

"सगळ्या कशाला? मधल्याच चुकल्यात ना?"

"मदल्या चुकल्या ह्ये दिसलं. बाकीच्या बरुबर हायेत ह्ये कुणी सांगितलं?"

त्या दिवशी मी कपाळावर हात मारून घेतला. पुढे हात मारून मारून तिथे टेंगूळ यायचंच बाकी राहिलं.

शिवजयंतीला मिरवणुकीत पोत्यांचा किल्ला गेला. गणेशने नानांना काही म्हटलं नाही, पण पारावरची पोरं "जहाज बुडालं व्हय नाना?" म्हणून विचारायची. नानांचं उत्तर तयार होतं. "तारखंची हुकली तरी तिथीची हाय की!" आपल्याकडे शिवजयंती दोनदा होते, एकदा सरकारी तारखेने आणि महिनाभराने पंचांगातल्या तिथीने, आणि या सोयीचा पुरेपूर फायदा नानांइतका कुणी घेतला नसेल. तिथीचीही हुकली. मग म्हणाले, "फुडल्या साली तारीख हायेच."

फासळ्या नव्याने कापून बसवल्यावर उन्हाळ्यात पट्ट्यांचं काम सुरू झालं. नसरापूरच्या वखारीतून सागाच्या बारीक पट्ट्या कापून आणल्या. त्या कोरड्या वाकत नाहीत, मोडतात. गरम पाण्यात भिजवून, ओल्या असतानाच फासळ्यांवर वाकवायच्या. एवढ्या लांब पट्ट्या भिजतील असं घरात एकच भांडं होतं, शांतावहिनींचं जत्रेत भात शिजवायचं मोठं पातेलं. वहिनी ओसरीवरून सगळ्या आळीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणायच्या, "लोकांचं म्हातारं देवदेव करतंय, आन् आमचं लाकडाचा भात शिजवतंय!" पण पाणी तापवून त्याच द्यायच्या, आणि पट्टी किती वेळ ठेवायची हे आमच्याआधी त्यांना कळलं होतं. "काढा आता, मऊ झाली," असं त्या आतून सांगायच्या आणि ती खरोखर मऊ झालेली असायची.

पट्ट्या लागत गेल्या. गणपती झाले तोवर गुराबीची एक बाजू पुरी झाली, नवरात्र बसलं तोवर दुसरीही बरीचशी. आता तिच्याकडे बघून कुणालाही जहाज आठवलं असतं. मला प्रथमच वाटलं की या माणसाचं काहीतरी पुरं होणार. त्या आनंदात खंडेनवमीला मी भोरच्या बाजारातून झेंडूची फुलं घेऊन मार्गासनीला गेलो. खंडेनवमीला हत्यारांची, गाड्यांची पूजा असते. डेपोतही आम्ही त्या दिवशी एसटीला हार घालायचो.

अंगणात पाऊल टाकलं आणि हातातली फुलं खाली पडायची वेळ आली. नाना विजार गुडघ्यापर्यंत दुमडून उभे होते. गुराब दगडावर पालथी घातलेली. शेजारी बादली, आणि नाना साबणाच्या पाण्याने, काथ्याने घासून घासून तिला आंघोळ घालत होते.

"नाना! हे काय चालवलंय!"

"काय म्हंजे? आज पूजा. गाडी धुतल्याबिगर पुजत्यात व्हय?"

"अहो, पट्ट्यांना साधा पांढरा डिंक लावलाय! तो पाण्यात सुटतो!"

नानांनी काथ्या खाली ठेवला आणि माझ्याकडे पाहिलं. आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांना गोंधळलेलं पाहत होतो.

"मास्तर, ह्ये जहाज हाय ना?"

"हो, पण शोभेचं."

"जहाज हाय, आन् पाण्याला भ्यायचं?"

 आम्ही ती पुसली, उन्हात ठेवली. ऑक्टोबरचं ऊन. दुपारी पूजेला बसलो तेव्हा ती वरवर कोरडी दिसत होती. नाळेला, म्हणजे जहाजाच्या पुढच्या टोकाला, झेंडूचा हार घातला, करवत, कानस, पटाशी समोर मांडली. वहिनींनी ओवाळायला निरांजन उचललं आणि "टक्" असा आवाज झाला. एक पट्टी सुटून हारात अडकली. मग दुसरी. मग उन्हात शेंगा तडकतात तशा त्या भराभर सुटायला लागल्या. वहिनींना ओवाळणं अर्ध्यावर सोडावं का पुरं करावं ते कळेना, त्यांनी ते पुरं केलं. नाना हात जोडून बघत राहिले.

मी मात्र फुटलो. "नाना, मी कंडक्टर आहे, साधू नाही. गेलं वर्षभर मी भोरहून इथे येतोय, नसरापूरला गाडी बदलून. इकडे तुमचा हात दिवसेंदिवस जातोय, आणि तुम्ही पुढे जायचं सोडून नुसते मागे मागे! कधी पोचायचं आपण?"  नानांनी एक सुटलेली पट्टी उचलली आणि उन्हात धरून तिची कड बघायला लागले. ते पाहून माझं डोकं आणखीच फिरलं. प्रसाद न घेता मी निघून आलो, आणि दिवाळी होऊन गेली तरी मार्गासनीकडे फिरकलो नाही.

मग एके दिवशी दुपारी नाना स्वतःच माझ्या दारात उभे राहिले. एकटे एसटीने आले होते. डाव्या काखेत वहिनींच्या जुन्या लुगड्यात गुंडाळलेली गुराब. उजवा हात खिशात. मी त्यांना बसवलं, चहा दिला. त्यांनी कप हातात घेतला नाही, खाली वाकून ओठांनीच एक घोट ओढला आणि मान वर केली.

"पट्ट्या म्या समद्या काडून टाकल्या. फासळ्या धड हायेत. आता पाण्याला दाद न देणारा डिंक आना."

"आणि लावणार कोण?"

नानांनी खिशातून हात काढून माझ्यापुढे धरला. तो आता नुसता थरथरत नव्हता, फडफडत होता. "ह्ये गेलं मास्तर. चिमट्यात पट्टी बी धरवंना. म्हणून तर आलोय. तुमचा हात घिऊन जायला."

मला त्यांच्या गळ्यात पडून रडावंसं वाटलं. प्रत्यक्षात मी रागावूनच म्हणालो, "माझ्या हातात तिकीट फाडण्यापलीकडे काही नाही."

"असू दे की. मागं कोन उबं ऱ्हायाचं आन् फुडं कोन बसायचं, ह्येची निस्ती आदलाबदल करू."

तसंच झालं. ओसरीवर मी गुराबीपुढे बसायचो, नाना मागे खुर्चीत. मी ओली पट्टी फासळ्यांवर टेकवून सरकवायचो आणि नाना एक डोळा मिटून मागून बघत म्हणायचे, "येऊ द्या... येऊ द्या... येऊ द्या... बास." बास म्हटलं की टाचणी मारायची. बास म्हणायच्या आधी मारली तर "रिव्हर्स!" असा हुकूम सुटायचा आणि ती पट्टी काढावी लागायची. मला त्यांचा संताप यायचा. एवढी वर्षं आपण त्यांना मागून ओरडत होतो तेव्हा त्यांनाही असाच येत असेल का, असं एकदा मनात येऊन गेलं, पण त्यांना तो कधीच आलेला नसणार.

एक गोष्ट मला काही केल्या जमेना. जहाजाच्या नाळेकडे फासळ्या लहान होत जातात, म्हणून पट्टीही त्या टोकाला निमुळती तासून घ्यावी लागते. तशीच रेटली तर ती नाकाशी वर चढते. नाना दर खेपेला सांगायचे आणि दर खेपेला मी घाईने कमी तासायचो. "मास्तर, तुमी दोन घंट्या लवकर देता," ते म्हणायचे. वहिनी शिडं शिवत होत्या, नानांच्या जुन्या खाकी वर्दीच्या कापडाची. शिडं पांढरी असतात असं मी म्हणालो. "ह्येच कापड घरात लई हाय," त्या म्हणाल्या, आणि तो विषय तिथेच संपला.

संक्रांत झाली. एकच पट्टी उरली, सगळ्यात वरची, नाळेला जाऊन मिळणारी. यंदा तारखेचीच गाठायची असं ठरलं होतं, गणेश रोज येऊन बघून जायचा. आणि नानांना खोकला झाला, छातीत कफ भरला, ताप उतरेना. त्यांना पुण्याला दवाखान्यात हलवलं. वहिनी सोबत गेल्या. मी मार्गासनीला एकटाच बसून ती शेवटची पट्टी लावली.

दुसऱ्या दिवशी वहिनींच्या मोबाईलवरून नानांचा फोन आला. आवाज खोल गेला होता. "बसली का?"

"बसली. नाकाशी जरा वर गेलीय, पण लांबून दिसत नाही."

"दिसत न्हाई म्हंजे? मला हितनं दिसत न्हाई, म्हणून ती सरळ झाली का?" त्यांना खोकल्याची उबळ आली. मला वाटलं फोन बंद झाला. मग ते म्हणाले, "ऱ्हाऊ द्या. हात लावू नगा आता. म्या आलो की रिव्हर्स घिऊ."

नाना आले नाहीत. शिवजयंतीला थोडेच दिवस उरले असताना ते तिकडेच गेले. मार्गासनीच्या स्मशानात डेपोतले जुने ड्रायव्हर, कंडक्टर आले होते. एक जण म्हणाला, कुणाला कधी चेपलं न्हाई बिचाऱ्यानं. 

शिवजयंतीच्या सकाळी मी ओसरीवर गुराब पुसत बसलो होतो. खाकी शिडं, दोन डोलकाठ्या, बाजूने लाकडाच्या बारीक तोफा. दारात ट्रॅक्टर उभा, ट्रॉलीला भगव्या पताका, ढोल वाजायला लागलेला. गणेश नवा फेटा बांधून आत आला. "मास्तर, चला. काय भारी झालीय! नानांचा फोटू बी म्होरं लावलाय." मी गुराब कवेत उचलली आणि ओसरीच्या पायरीपर्यंत गेलो. तिथे उजेड जास्त होता. नाळ माझ्या डोळ्यांसमोर होती आणि ती शेवटची पट्टी नाकाशी वर चढलेली होती.

मी मागे फिरलो आणि गुराब परत पाटावर ठेवली.

"काय झालं?" गणेश म्हणाला.

"पट्टी वर चढलीय."

"कुठं? मला तर काय दिसत न्हाई."

"तुला दिसत नाही म्हणून ती सरळ झाली का?"

"आवो मास्तर, समद्या गावाला सांगितलंय म्या! नानांच्यासाठी तर चाललंय ह्ये समदं! ट्राली मोकळीच न्हेऊ का?"

"ने. तारखेची हुकली तरी तिथीची आहे की," मी म्हणालो.

गणेशने कपाळावर हात मारून घेतला. तो हात मी चांगला ओळखत होतो. मग तो बाहेर गेला. ट्रॅक्टर सुरू झाला, ढोलाचा आवाज देवळाकडे लांब लांब जात राहिला. नानांचा फोटो मोकळ्या ट्रॉलीवर बसून गावभर फिरला, असं मागाहून कळलं.

मी पटाशी गरम करून पट्टी अलगद सोडवली. नाकाकडचं टोक तासलं, पुन्हा तासलं. हाताला घाई सुटलेली, ती दाबून धरायला मला जड जात होतं. वहिनी आतून आल्या. त्यांनी भाताच्या पातेल्यात गरम पाणी आणलं होतं. ते माझ्याजवळ ठेवलं आणि त्या आत जातील असं मला वाटलं. त्या गेल्या नाहीत. नानांच्या खुर्चीत जाऊन बसल्या आणि पदर सावरून त्यांनी एक डोळा मिटला.

मी ओली पट्टी फासळ्यांवर टेकवली आणि नाळेकडे सरकवली. मागून काहीच ऐकू येईना. मला राहवलं नाही. "बसली ना वहिनी?"

"न्हाई. मागं घ्या."

मी चडफडत पट्टी मागे घेतली, टोक आणखी जरा तासलं आणि पुन्हा टेकवली. आता मागून वहिनींचा आवाज आला.

"येऊ द्या मास्तर... येऊ द्या... येऊ द्या... बास."